पाळीला पाळीच म्हणावे

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय एकच आहे : बौद्धिक अक्षमता असलेल्या, वयात येणाऱ्या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वतःची काळजी घ्यायला कसे शिकवावे. चारही पत्रे कोकणातून आली आहेत. मुलींची ओळख पटू नये म्हणून नावे व गावे गाळली आहेत आणि पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची असून तिला डाऊन सिंड्रोम आहे. मृगाच्या पावसात तिला पहिल्यांदा पाळी आली. सासूबाईंनी ‘तुला कावळा शिवला, आता चार दिवस आत यायचे नाही’ असे सांगून तिला पडवीत बसवले. तेव्हापासून ती कावळा दिसला की किंचाळते आणि अंगणात जायला तयार नसते. पॅड लावले तर ओढून काढते आणि माडाच्या आळ्यात टाकते. ताई, तिला हे कधी समजेल का? — एक आई, गुहागर तालुका

उत्तर : तुमच्या मुलीला समजत नाही, असे तुमच्या पत्रावरून मला मुळीच वाटले नाही. तिला जे सांगितले गेले, ते तिने शब्दशः खरे मानले. कावळा शिवला आणि रक्त आले, याचा अर्थ कावळ्याने चोच मारली, आणि म्हणून अंगणात कावळा असताना जायचे नाही, हा तिचा विचार पायरीपायरीने बरोबर आहे. चूक तिला सांगितलेल्या पहिल्या वाक्यात आहे.

आपल्या भाषेत पाळीसाठी जे शब्द रुळले आहेत, त्यांतले बरेचसे पाळी लपवण्यासाठी जन्माला आले : कावळा शिवणे, बाहेरची होणे, अडचण येणे. आपल्याला त्यांचा झाकलेला अर्थ ठाऊक असतो, पण ज्या मुलीला शब्दाचा फक्त सरळ अर्थ कळतो तिला ‘कावळा’ म्हटले की ती आभाळाकडे पाहते आणि ‘बाहेर बस’ म्हटले की आपले काय चुकले हे शोधत राहते. म्हणून पहिली गोष्ट ही, की घरातल्या प्रत्येकाने, सासूबाईंसह, ‘पाळी’ हा एकच शब्द वापरावा. भीती आजीच्या वाक्याने बसली आहे, तेव्हा ती आजीच्याच तोंडून निघालेली बरी. ‘मलाही पाळी यायची, तुझ्या आईला येते, आता तुला आली, कावळ्याने काही केले नाही’ एवढे आजीने जवळ बसवून, हात धरून आठ-दहा वेळा सांगितले, तर तुमच्या शंभर समजावण्यांपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. सासूबाईंचा हेतू वाईट नव्हता हेही मी जाणून आहे. त्यांनी स्वतः जे ऐकले तेच नातीला सांगितले.

दुसरी भीती रक्ताची असते. लहानपणापासून रक्त म्हणजे बाऊ, पडणे, दवाखाना, सुई, असेच तिने पाहिले आहे. त्यामुळे ठरावीक आणि छोटी वाक्ये निवडा आणि दर वेळी तीच म्हणा : ‘पाळी आली. हा बाऊ नाही. पॅड लावायचे. काही दिवसांनी पाळी थांबते.’ तुम्हाला संकोच वाटत नसेल, तर तुमच्या पाळीत पॅडवरचे रक्त तिला एकदा दाखवा. आईलाही येते आणि आई रडत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मुली शांत होतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

आता शिकवण्याविषयी. पॅड बदलणे आपल्याला एक काम वाटते, पण ते सुटे करून पाहिले तर त्यात पंधरा-सोळा कामे निघतात : फडताळातून पॅड घेणे, न्हाणीघरात जाणे, दार लावणे, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली करणे, वापरलेले पॅड सोलून काढणे, त्याची गुंडाळी करणे, ती कागदात बांधणे, डब्यात टाकणे, अंग पुढून मागे धुणे, पुसणे, नवे पॅड उघडणे, त्याची मागची पट्टी काढणे, ते मधोमध चिकटवणे, पंख दुमडणे, चड्डी वर करणे आणि साबणाने हात धुणे. ही सारी एकदम शिकवायला गेलो की मुलगी गोंधळते, आपण चिडतो आणि ‘हिला जमत नाही’ असा शिक्का बसतो. त्याऐवजी शेवटून सुरुवात करा. पहिले काही दिवस सगळे तुम्ही करा आणि हात धुण्याचे शेवटचे काम तेवढे तिला करू द्या. ते बिनचूक होऊ लागले की चड्डी वर करून हात धुणे ही दोन कामे तिची, मग पंख दुमडण्यापासून पुढची तीन तिची, असे मागे मागे सरकत जा. या पद्धतीत काम पुरे झाल्याचे समाधान दर वेळी तिच्याच वाट्याला येते, आणि अर्ध्यावर अडकून पडण्याची वेळ तिच्यावर येत नाही.

मदत करताना आधी तिच्या हातावर हात ठेवून करवून घ्या, नंतर मनगटाला नुसता स्पर्श करा, नंतर बोटाने दाखवा आणि शेवटी भिंतीवरच्या चित्राकडे पाहायला लावा. तोंडी सूचना मात्र जितक्या कमी देता येतील तितक्या कमी द्या. ‘आता हे कर, आता ते कर’ असा आईचा आवाज एकदा सवयीचा झाला, की त्या आवाजावाचून मुलीचा हात पुढे जात नाही, आणि ती सवय मोडणे फार जड जाते. चित्रे छापील घेण्यापेक्षा तुमच्याच न्हाणीघराचे, तुमच्याच डब्याचे, तुम्ही आणता त्याच पॅडचे मोबाइलवर फोटो काढा आणि प्लास्टिकमध्ये घालून क्रमाने लावा. आपल्याकडच्या दमट हवेत नुसता कागद आठवडाभरही टिकत नाही.

एक गोष्ट पालकांच्या लक्षातून वारंवार सुटते. पाळी महिन्यातून चार-पाच दिवस येते, आणि वयात येताना पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असते; दोन पाळ्यांमध्ये २१ दिवसही जातात आणि ४५ दिवसही जातात. जे कौशल्य महिन्यातून पाचच दिवस हाताळायला मिळते आणि तेही पोट दुखत असताना, चिडचीड होत असताना, ते त्या पाच दिवसांत शिकून होणार नाही. सराव कोरड्या दिवसांत करायचा असतो. आठवड्यातून दोन-तीनदा, अंघोळीनंतर, तासभर पॅड लावून ठेवणे आणि मग ते बदलणे, हा नेम ठेवा. चड्डीच्या आतल्या बाजूस रंगीत दोऱ्याने पॅडच्या आकाराची टीप घाला, म्हणजे पॅड कुठे चिकटवायचे याचा अंदाज तिला घ्यावा लागणार नाही. सरावाच्या पॅडवर चित्रकलेचा लाल जलरंग पाण्यात कालवून दोन-चार थेंब टाकावेत. कोकमाचे आगळ घरात हाताशी असते म्हणून काही जणी तेच वापरतात, पण जे तुमची मुलगी आवडीने पिते त्याची आणि रक्ताची गल्लत होऊ देऊ नये.

पॅड ओढून काढण्यामागे हट्ट असतोच असे नाही. प्लास्टिकचा कडक पृष्ठभाग, पंखांची टोचणी, घामाने होणारी खाज तिला सांगता येत नसेल. मऊ सुती आवरणाचे पॅड, शिवलेली कापडी पॅड किंवा पाळीसाठी मिळणारी शोषक चड्डी, यांतले तिला काय सोसते ते आधी काही मिनिटे, मग अर्धा तास असे करून पाहा. माडाच्या आळ्यात पॅड टाकणे हाही तिच्या दृष्टीने उपायच आहे, कारण नकोशी वस्तू टाकण्याची ठरलेली जागा तिला कोणी दाखवलेली नाही. न्हाणीघरात झाकणाचा एक डबा ठेवा, शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा, आणि डबा एकाच जागी राहू द्या. ओले झाले की बदल, असेही सांगू नका. सकाळची अंघोळ, शाळेला निघण्याआधी, दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा आणि झोपण्याआधी, अशा रोजच्या खुणांना पॅड बदलणे जोडून द्या, म्हणजे दिवसा ते आपोआप चार ते सहा तासांच्या आत होते.

आणखी एक. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलींमध्ये थायरॉइडचे विकार अधिक आढळतात, आणि थायरॉइड मंदावल्यास पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. सात दिवसांहून अधिक रक्त जात असेल किंवा तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, तर ‘नवीन आहे, होईल नीट’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडे जा आणि थायरॉइडची तपासणी करा असे स्वतःहून सांगा.

प्रश्न : माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगी ११ वर्षांची आहे, बोलते थोडे, पण सांगितलेले ऐकते. तिला अजून पाळी आलेली नाही. पहाटे मी होडीवर जातो, घरी म्हातारी आई असते. बापाने या गोष्टीत पडू नये, असे वाडीतले लोक म्हणतात. मी काय करावे? — एक वडील, मालवण तालुका

उत्तर : तुम्ही पाळी येण्याआधी विचारले, याबद्दल मला तुमचे मनापासून कौतुक वाटते, कारण बहुतेक पत्रे पाळी आल्यावर येतात. स्तनांची वाढ सुरू झाल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते, आणि त्याआधी काही महिने अंगावरून पांढरे जाऊ लागते. बौद्धिक अक्षमतेमुळे शरीर सहसा थांबून राहत नाही. तुमच्याजवळ तयारीला वेळ आहे, तो वाया घालवू नका.

अंगाला हात लावून शिकवण्याचा भाग बहीण, मेहुणी, आत्या किंवा गावातील आशा ताई (आरोग्य स्वयंसेविका) यांच्यापैकी मुलीच्या ओळखीच्या एका बाईने करावा. बाकीचे जवळजवळ सगळे वडिलांना करता येते. नवी चड्डी पाटावर ठेवून तिच्यावर पॅड चिकटवण्याचा आणि काढण्याचा सराव तुम्ही शेजारी बसून घेऊ शकता. त्यात कपडे उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. पॅड आणणे, ती एकाच फळीवर ठेवणे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाळीच्या दिवशी तिच्याच बोटाने लाल टिकली लावून घेणे, दप्तरात दोन पॅड, एक जादा चड्डी आणि कागदी पिशवी आहे की नाही ते पाहणे, ही कामे तुमची. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ नावाची पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक या दराने मिळू लागली, तेव्हा सरावासाठी पॅड खर्च करताना हात आखडू नका. आणि घरात कोणी बाई नसताना पाळी आलीच, तर तिला ओल्या कपड्यांत संध्याकाळपर्यंत बसवू नका. ‘मी मदत करू का?’ असे विचारून, दार लोटून, गरजेपुरतीच मदत करा. यात लाजण्यासारखे काही नाही.

वाडीतल्या लोकांच्या म्हणण्यापेक्षा मला दुसरी एक काळजी अधिक वाटते. ज्या विषयावर घरात कोणी बोलत नाही, त्या विषयावर मुलीही गप्प राहायला शिकतात, आणि तिला त्रास देऊ पाहणाऱ्या माणसाला नेमके तेच हवे असते. म्हणून पाळीच्या शिकवणीतच हे बसवा, की मदत कोणी करायची याची तीन माणसे ठरलेली आहेत, त्यांचे फोटो तिला दाखवलेले आहेत, ती माणसेही विचारल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि इतर कोणी चड्डीला हात लावला तर मोठ्याने ‘नको’ म्हणून आजीला किंवा बाबांना सांगायचे. तिने मदत नाकारली तर ती नाकारण्याची मुभा तिला खरोखर द्या. घरात ‘नको’ चालत नसेल, तर बाहेर ते तिच्या तोंडून निघणार नाही. काही घडल्याची शंका आली, तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार अधिक गंभीर गुन्हा मानला आहे.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची आहे. तिला तीव्र स्वरूपाची बौद्धिक अक्षमता असून फिट येतात. शी-शूदेखील आम्हालाच पाहावी लागते. पाळीच्या आधी दोन दिवस फिट वाढतात. मुंबईचे नातेवाईक सांगतात की पिशवी काढून टाका, सगळी कटकट जाईल आणि पुढची भीतीही राहणार नाही. माझी पाठ दुखते, उद्या माझ्यामागे कोण करणार, या विचाराने झोप येत नाही. — एक आई, अलिबाग तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातला थकवा मला वाचताना जाणवला. तुम्ही या प्रश्नाचा विचार करता म्हणजे तुमची माया कमी आहे, असे कोणी म्हणू नये. तरीही माझे मत स्पष्ट आहे : केवळ पाळीची स्वच्छता टाळण्यासाठी निरोगी गर्भपिशवी काढू नये.

याचे पहिले कारण अगदी व्यवहारातले आहे. तुम्ही रोज तिची शी-शू पाहता, आणि शस्त्रक्रियेनंतरही ती रोज पाहावीच लागणार आहे. पाळीचे चार-पाच दिवस त्या रोजच्या कामात थोडी भर घालतात. ती भर वाचवण्यासाठी भूल, टाके आणि मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका, तोही फिट येणाऱ्या आणि आपले दुखणे सांगता न येणाऱ्या मुलीने का पत्करावा? त्यासोबत बीजांडकोशही काढले गेले तर लहान वयातच हाडे ठिसूळ होऊ लागतात. ‘पुढची भीती’ म्हणून नातेवाईक जे सुचवतात, त्याविषयी तर मला अधिकच कळकळीने सांगायचे आहे. पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्यातून राहू शकणारी गर्भधारणा थांबते, आणि घडलेला अत्याचार उघडकीस येण्याचा एक मार्ग बंद होतो.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणींच्या गर्भपिशव्या पुण्यात काढण्यात आल्या. त्या त्यांच्या स्वच्छतेसाठी काढल्या, असेच तेव्हा सांगितले गेले. महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका खटल्यात, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भ तिच्या संमतीशिवाय पाडता येणार नाही, असा निकाल दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम १० नुसार, ज्या उपचाराने वंध्यत्व येते असा कोणताही उपचार दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मोकळ्या आणि समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही.

फिटविषयी मात्र लगेच हालचाल करा. पाळीच्या सुमारास फिट वाढणे ही डॉक्टरांना परिचित असलेली गोष्ट आहे, आणि तिच्यावर औषधांचे उपाय आहेत. पुढचे तीन महिने एका वहीत पाळीच्या आणि फिटच्या तारखा समोरासमोर लिहा आणि ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. आठवणीने सांगितलेल्या हकिकतीपेक्षा वहीतल्या तारखा पाहून निर्णय घेणे त्यांना सोपे जाते. रक्तस्राव किंवा दुखणे फार असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ ते कमी करणारी औषधे सुचवू शकतात, आणि ती बंद केल्यावर शरीर पूर्ववत होऊ शकते. फिटची काही औषधे आणि संप्रेरकांच्या (हार्मोनच्या) गोळ्या यांचा परस्परांवर परिणाम होतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना सर्व औषधांची यादी दाखवा. न्हाणीघराला आतून कडी घालू देऊ नका. बाहेर एक रंगीत फडके लटकवण्याची खूण ठरवली की आत कोणी आहे हे घराला कळते.

तिलाही काही शिकवायचे राहिले आहे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण मी सांगते. पॅड बदलताना ती पाय उचलते का, हातात दिलेले नवे पॅड धरून ठेवते का, वापरलेले डब्यात सोडते का, ते पाहा. यांतले एक जरी तिने केले तरी त्या कामात तिचा वाटा आहे, आणि तुमच्या पाठीला तेवढीच उसंत आहे. ‘तुमच्यामागे कोण’ या प्रश्नावर, तिला १८ वर्षे पूर्ण झाल्यावर नॅशनल ट्रस्ट या अशा व्यक्तींसाठीच्या सरकारी संस्थेच्या १९९९ च्या कायद्यानुसार कायदेशीर पालक नेमता येतो, आणि त्याच ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करायला दिव्यांग प्रमाणपत्र बरोबर न्या.

प्रश्न : मी विशेष शिक्षिका आहे. शाळेत मुली चार महिन्यांत पॅड बदलायला शिकतात आणि गणपतीच्या सुट्टीवरून परत आल्या की सगळे विसरलेल्या असतात. काही जणी तर पाळी आली हेच लपवतात. पावसाळ्यात घरून कापडाच्या ओलसर घड्या घेऊन येतात. काय चुकते आहे? — एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : त्या विसरत नसाव्यात. शाळेतल्या नळाजवळ, शाळेतल्या डब्याशी शिकलेले काम घराच्या मागीलदारच्या, अंधाऱ्या न्हाणीत आपसूक जाऊन बसत नाही. ते तिथे नव्याने शिकवावे लागते. सुट्टीआधी एकदा घरी जाऊन न्हाणीघर पाहा आणि शाळेतलाच डबा, तीच चित्रे, तीच पिशवी तिथे लावून द्या.

लपवण्याचे कारण बहुधा गणपतीतच सापडेल. वर्षभर ज्या आरतीची, मोदकांची, मुंबईहून येणाऱ्या भावंडांची वाट पाहिली, त्या वेळी रक्त दिसले म्हणून मुलीला मागच्या पडवीत बसवले, तर रक्त दिसू द्यायचे नाही एवढेच ती शिकते, आणि मग आपली सारी शिकवण त्या एका दिवसात उलटते. माझ्या मते तिला आरतीला उभे राहू द्यावे. जे घर तेवढे मान्य करणार नाही, त्या घराने निदान तिला एकटे बसवू नये, शिक्षेचा सूर लावू नये आणि तिचे ताट सर्वांबरोबर वाढावे. सणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत, हेही पालकसभेत सांगा. फिटची औषधे चालू असलेल्या मुलींच्या घरी तर आवर्जून सांगा.

ओल्या घड्यांचा प्रश्न मुलींचा नाही, आपल्या पावसाचा आहे. आषाढ-श्रावणात कापड उन्हात वाळवता येत नाही आणि लाजेने ते इतर कपड्यांखाली दडवले जाते, त्यामुळे अंगाला खाज आणि पुरळ येते. जून ते सप्टेंबर पॅड वापरावीत, किंवा कापड थंड पाण्यात साबणाने धुऊन, उघड्यावर वाऱ्याला टाकून, वापरण्याआधी इस्त्री फिरवून घ्यावे. वापरलेली पॅड पऱ्यात (ओढ्यात) किंवा विहिरीजवळ जाणार नाहीत, याची व्यवस्था घरच्यांशी बोलून ठरवा. ते मुलीवर सोडू नका.

शेवटी, सुट्टीला निघताना प्रत्येक मुलीच्या पिशवीत एक लहान वही द्या. तारीख आणि त्या दिवशी कोणती पायरी तिने एकटीने केली, एवढेच घरच्यांनी लिहायचे. शाळा सुरू झाली की ती वही आधी उघडा आणि तिथूनच पुढे शिकवायला घ्या.